क्लासिक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे आणि भाव चढलेत: काय तपासायचं, किती मोजायचे

मे २०२२मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्या संग्रहातली १९५५ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे विकली, तब्बल १३ कोटी ५० लाख युरोंना. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या. असा आकडा छापून आला की जुनी दोन सीटांची गाडी बाळगणारा प्रत्येक जण आपल्या गाडीची किंमत वाढवून सांगू लागतो. त्याच्या गाडीचा आणि त्या मर्सिडीजचा संबंध इतकाच, की दोन्ही जुन्या आहेत.

चढत्या बाजारात खरेदीदार फसतो तो इथेच. भाव चढतो तो मॉडेलचा. पैसे मात्र आपण एका विशिष्ट गाडीचे मोजतो, जिच्या पत्र्याखाली काय आहे हे भावपत्रकाला माहीत नसतं. पुढे जे लिहिलंय ते या दोन गोष्टींतलं अंतर मोजण्यासाठी.

भाव कशाच्या जोरावर चढलाय ते आधी ठरवा

भाव चढण्याची कारणं तीन-चारच असतात, पण प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं.

पहिलं कारण दुर्मीळपणा. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ बनवल्या त्या अवघ्या ३६. नवी असताना अठरा हजार डॉलरच्या आसपास मिळणारी ही गाडी २०१८मध्ये माँटेरीच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पोर्शच्या १९७३च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ गाड्या १,५८०. हे आकडे आता वाढणार नाहीत, त्यामुळे या कारणावर उभा असलेला भाव सहसा टिकतो.

दुसरं कारण पिढीचं. सोळाव्या वर्षी खोलीच्या भिंतीवर जिचं पोस्टर होतं, ती गाडी माणूस हातात पैसा आल्यावर, म्हणजे चाळिशी-पन्नाशीत शोधतो. म्हणूनच ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या गेल्या काही वर्षांत धावल्या आणि युद्धाआधीच्या साध्या स्पोर्ट्स कार जागच्या जागी राहिल्या. हा जोर दोनेक दशकं पुरतो, कायमचा नसतो. एअर-कूल्ड ९११ची घोडदौड काही अंशी यातलीच. १९९८मध्ये ९११ची ९९३ नावाची पिढी थांबली आणि हवेवर थंड होणारं ९११चं इंजिन इतिहासजमा झालं. मॅन्युअल गिअरबॉक्सला मिळणारा जादा भावही त्याच ओढीतून येतो.

तिसरं कारण नियमांचं. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा मानकांच्या अटीतून सुटते आणि आयात करता येते. १९९९ची निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ त्यामुळे २०२४मध्ये अमेरिकी खरेदीदाराला खुली झाली. पण भाव त्याच्या कितीतरी आधी चढून बसला होता. तारीख सगळ्यांना माहीत असते. तारखेच्या तोंडावर घेणारा सगळ्यात महाग घेतो.

आणि चौथं, स्वस्त पैसा. २००८नंतर व्याजदर जवळजवळ शून्यावर होते, बँकेत पैसे ठेवून काही मिळत नव्हतं, म्हणून ते चित्रांत, घड्याळांत, गाड्यांत गेले. २०२०-२१मध्ये घरी अडकलेल्या लोकांनी त्यात भर घातली. २०२२पासून व्याज वाढलं तसा बाजाराचा मधला थर थंडावला. हे कारण सगळ्यात दगाबाज. ऑगस्ट १९८८मध्ये एन्झो फेरारी गेले, त्यानंतर फेरारींचे भाव वेड्यासारखे उडाले, आणि १९९०नंतर तितक्याच वेगाने कोसळले. १९८९च्या सुमारास सव्वा कोटी डॉलरच्या पुढे गेलेली २५० जीटीओ नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पस्तीस लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली मिळत होती. फक्त ३६ असलेल्या गाडीची ही गत, तर हजारोंनी बनलेल्या गाडीचं काय झालं असेल!

तुम्हाला हव्या असलेल्या मॉडेलचा भाव यातल्या कोणत्या कारणावर उभा आहे ते एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल, तर तुम्ही अजून गाडी नाही, बातमी विकत घेताय.

आकडा कसा वाचायचा

जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. तिची नोंदही करू नका. फक्त झालेले सौदे जमवा: गेल्या बारा ते अठरा महिन्यांतले, त्याच मॉडेलचे, त्याच सिरीजचे. न विकल्या गेलेल्या गाड्याही टिपून ठेवा. दोन लाखांच्या बोलीवर एखादी गाडी मालकाने परत नेली, तर त्या दिवशी तिला दोन लाखांपेक्षा जास्त द्यायला हॉलमध्ये कोणी नव्हतं, एवढं पक्कं कळतं.

लिलावाचा छापील आकडा साधारणपणे खरेदीदाराचं कमिशन धरून असतो. हातोडा १,००,००० डॉलरवर पडला आणि कमिशन १२ टक्के असेल, तर निकालात १,१२,००० दिसतात. विकणारा आपलं कमिशन देऊन पंचाण्णव हजारांच्या आसपास घरी नेतो. म्हणजे एकाच गाडीचे त्या दिवशी तीन भाव झाले. खासगी सौद्यात मालक निकालाचा मोठा आकडा दाखवतो. तुम्ही त्याच्या हातात पडणाऱ्या आकड्यापासून बोलणं सुरू करा. यात त्याचंही नुकसान नाही.

एकच उंच सौदा दिसला तर तो बाजूला काढा. जानेवारी २०२०मध्ये १९७१ची एक डॅटसन २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. ती गाडी फार कमी चाललेली, जवळजवळ मूळ अवस्थेतली होती आणि तिच्यासाठी दोन हट्टी माणसं समोरासमोर होती. लिलावाला इतकंच लागतं. तो निकाल पुढे करून गंजक्या झेडचे भाव सांगणाऱ्यांना तोटा नव्हता.

अवस्था हा भावातला सगळ्यात मोठा घटक. हॅगर्टीसारख्या भावपत्रकांत चार पायऱ्या असतात: एक म्हणजे प्रदर्शनात पहिली येईल अशी, दोन उत्तम, तीन चांगली चालती, चार कशीबशी. जवळजवळ प्रत्येक मालक आपली गाडी दोन नंबरची समजतो आणि जवळजवळ प्रत्येक गाडी तीनची असते. दोन आणि तीनमधला फरक पुष्कळदा तीस-चाळीस टक्क्यांत जातो; तिथेच तुमचे पैसे वाचतात किंवा बुडतात.

गाडीला किती, नंतरला किती

हातातल्या पैशातला साधारण पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी राखून ठेवा. नुकतंच सगळं केलंय असं सांगणाऱ्याची गाडी घेतली तरीही. वाहतूक, कर, नोंदणी, विमा, टायर आणि ब्रेक एवढ्यातच तो हिस्सा अर्धा संपतो. पूर्ण रिस्टोरेशन, म्हणजे उघडून पुन्हा नव्यासारखी करणं, बाकी असलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. क्रोमचं काम, आतली चामड्याची गादी, रंग आणि इंजिन यांचा खर्च गाडी पन्नास हजार डॉलरची असो की पाच लाखांची, फारसा बदलत नाही. त्यामुळे मध्यम किमतीच्या गाडीत रिस्टोरेशनचं बिल तयार गाडीच्या किमतीच्या वर जाणं नेहमीचंच. दुसऱ्याने हौसेने केलेला खर्च विकत घेणं हाच या बाजारातला सगळ्यात स्वस्त सौदा.

नायकाच्या शेजारची गाडी बघा

पोस्टरवरची गाडी आवाक्याबाहेर गेली असेल, तर त्याच कारखान्यातून त्याच सुमारास निघालेलं भावंड शोधा. ९११ऐवजी चार सिलिंडरची ९१२. सुरुवातीच्या ३.८ लिटर जॅग्वार ई-टाइप रोडस्टरऐवजी २+२, जिचं छप्पर थोडं उंच आहे म्हणून शौकीन नाक मुरडतात आणि लांबच्या प्रवासाला तीच सुखाची. एमजीबी रोडस्टरऐवजी एमजीबी जीटी, किंवा १९७४च्या अखेरीस आलेली रबर बंपरवाली. २४०झेडऐवजी २६०झेडची चार सीटांची आवृत्ती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडीही स्वस्त मिळते, पण विकतानाही ती स्वस्तच जाते, हे धरून चाला.

सुट्या भागांचा प्रश्न इथेच सोडवा. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनल्या, त्यामुळे तिचा अख्खा सांगाडासुद्धा नवा मिळतो. उलट एखाद्या विस्मृतीत गेलेल्या इटालियन कूपेची मागची लाल काच मिळेपर्यंत ऋतू बदलतात. पन्नास गाड्या उरलेलं मॉडेल ऐकायला छान वाटतं. दाराचं हँडल तुटलं की मग आठवतं, उरलेल्या एकोणपन्नास मालकांनाही तेच हँडल हवंय.

कागद आणि नंबर

गाडी बघायला जाण्याआधी कागद मागवा. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर जाऊच नका.

मॅचिंग नंबर्स म्हणजे चॅसी, इंजिन आणि शक्यतो गिअरबॉक्स कारखान्यातून जसे एकत्र निघाले तसेच आजही एकत्र असणं. दुर्मीळ गाडीत यावर किमतीचा मोठा हिस्सा ठरतो, म्हणूनच नंबर पुन्हा ठोकण्याचा धंदाही चालतो. शेवरोले कॉर्व्हेटच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनावर पुढच्या बाजूला, उजवीकडच्या सिलिंडर हेडसमोर एक छोटी सपाट पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो. कारखान्यात ही पट्टी मशीनवर कापताना तिच्यावर बारीक समांतर रेघा उमटायच्या. जुना नंबर घासून नवा ठोकला की त्या रेघाही जातात आणि पट्टी गुळगुळीत दिसते, किंवा रेघा चुकीच्या दिशेने मारलेल्या असतात. टॉर्चचा उजेड तिरका टाकून, डोळा पट्टीला लावून बघा. तेलकट धूळ असेल तर मालकाच्या परवानगीने कापडाने पुसा, पॉलिश पेपर मात्र कोणाला लावू देऊ नका.

कारखान्याची नोंद मागवा. जॅग्वार आणि एमजी यांच्यासाठी हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, ज्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय आणि कुठे पाठवली हे असतं. फेरारीचा स्वतःचा क्लासिके विभाग प्रमाणपत्र देतो. मूळ रंग लाल नव्हता आणि आता गाडी लाल आहे, असं बऱ्याचदा निघतं. त्यात गुन्हा काही नाही, पण किमतीत ते दिसलं पाहिजे.

ज्या गाडीची साधी आवृत्ती आणि महाग आवृत्ती बाहेरून सारखी दिसते, तिथे दुप्पट सावध राहा. ९११ आरएसचा मागचा शेपटीचा पंख कोणत्याही जुन्या ९११ला बसतो. मूळ एसी कोब्रा स्पोर्ट्स कार हजाराच्या आसपासच बनल्या आणि नकला त्याच्या कित्येक पट. नकल म्हणून विकलेली नकल मजेत चालवता येते. मूळ म्हणून विकलेली नकल म्हणजे कोर्टाची पायरी.

मैलांचा आकडा कागदांनीच सिद्ध होतो. जुन्या मीटरला पाचच आकडे असायचे, ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. बिलं तारखेनुसार टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं मीटर वाचन एका कागदावर उतरवा. रेघ सरळ वर जायला हवी. मध्ये आठ वर्षांची पोकळी असेल तर विचारा. उभी होती असं उत्तर आलं तर ते बहुधा खरंच असतं, आणि त्या उभं राहण्याचा खर्च पुढे ब्रेक आणि पेट्रोल टाकीत निघतो. गाडी ब्रिटनमधली असेल तर २००५पासूनच्या वार्षिक तपासणीच्या नोंदी ऑनलाइन बघता येतात. त्यात मैलही असतात आणि कुठे गंज धरला होता हेही.

पत्रा

इंजिन कितीही बिघडलं तरी ते उघडून पुन्हा बांधता येतं, त्याचा अंदाज देता येतो. गंजाचा अंदाज कोणी देत नाही. म्हणून वेळ द्यायचा तो इथे.

गाडी कोरडी हवी, दिवसाचा उजेड हवा आणि खाली शिरता येईल अशी लिफ्ट हवी. सोबत एक क्षीण चुंबक न्या, त्याला पातळ कापड गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ, मडगार्डचा मागचा कोपरा, सिल (दाराखालची पोकळ पेटी) या जागी फिरवा. चुंबक एकदम सैल पडला तिथे खाली पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम: कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि हजाराच्या वर आकडा गेला की ती पुट्टी. अॅल्युमिनियम किंवा फायबरच्या बॉडीवर चुंबकाचा उपयोग नाही हे उघडच आहे. कॉर्व्हेट किंवा सुरुवातीची फेरारी ३०८ जीटीबी बघताना तडे आणि रंगावरचे फोड शोधा.

एमजीबीच्या सिलचं उदाहरण घेऊ, कारण ते समजलं की बाकी उघड्या गाड्या समजतात. छप्पर नसलेल्या गाडीचा कणा म्हणजे दाराखालची ही पोकळ पेटी. तिच्यात पत्र्याचे तीन थर: बाहेरचा, आतला आणि मध्ये उभा पडदा. गंज मधून सुरू होतो. योग्य दुरुस्तीत मडगार्डचा खालचा भाग कापून तिन्ही थर बदलावे लागतात. हे काम महाग, म्हणून गंजलेल्या सिलवर वरून नवा पत्रा चढवून तो वेल्ड करतात आणि रंग मारतात. ओळखायचं कसं? खरा सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत शिरलेला असतो. चढवलेला पत्रा दाराच्या तोंडाशीच संपतो. आतला गालिचा उचलून सांध्यावरून बोट फिरवा, वेल्डिंगचे गोळे लागतात. मग दार बंद ठेवून एका बाजूने गाडी जॅकवर चढवा आणि दाराच्या मागची फट बघत राहा. फट वरच्या बाजूला मिटत गेली, दार घट्ट झालं, तर कणा मोडलेला आहे. रंग कितीही चकचकीत असो, तिथून चहा पिऊन परत या.

ई-टाइपमध्ये पुढचा नळ्यांचा सांगाडा आतून गंजतो आणि मागच्या रेडियस आर्म (मागची चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्या) जिथे फरशीला जोडलेल्या असतात ती जागा कुजते. जुन्या ९११मध्ये दाराच्या कुलपाखालचा खांब, सिलची मागची टोकं आणि पुढची बॅटरीची जागा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पोर्शने पूर्ण गॅल्व्हनाइज्ड बॉडी आणली, त्यानंतरच्या गाड्या बऱ्याच तगल्या. झेडच्या फरशीखालच्या लांब पट्ट्या.

इंजिन

पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुमच्या येण्याआधी गाडी चालू केली आहे. थांबा, थंड होऊ द्या किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं, किती निळा धूर सोडतं, तेलाचा दाब कसा चढतो, हे सगळं पहिल्या मिनिटातच दिसतं.

सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टबरोबर लीक-डाउन टेस्ट करून घ्याच. तिच्यात सिलिंडरमध्ये हवा भरून किती सुटते ते मोजतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर निवांत, वीसच्या वर गेलं की किमतीवर बोलायचं. हवा कुठून फुसफुसते त्यावरून रोग कळतो: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

मॉडेलचे ठरलेले रोग आधी वाचून जा. १९७४ ते १९७७ दरम्यानच्या २.७ लिटर ९११मध्ये इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या केसमधून हेड धरून ठेवणारे स्टड उपटून येतात. १९८४च्या कॅरेरा ३.२पासून टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला तेलाचा दाब मिळाला, त्याआधीच्या गाड्यांत ते बदललेत का हे बिलात शोधा. फेरारी टेस्टारोसाचा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, तेव्हा शेवटचा बेल्ट कधी बदलला हा प्रश्न हजारो डॉलरचा आहे. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या जुन्या रबरावर वेगात जाऊ नये.

सौदा

त्या एकाच मॉडेलवर काम करणारा मेकॅनिक शोधा आणि पैसे देऊन तपासणी करून घ्या. विकणाऱ्याचा नेहमीचा मेकॅनिक चालत नाही. अहवालातल्या प्रत्येक दोषासमोर दुरुस्तीचा खर्च लिहा, बेरीज करा आणि तोच कागद समोर ठेवून बोला. “दुसरा गिऱ्हाईक उद्या येतोय” हे वाक्य तुम्ही ऐकणारच. येऊ द्या.

लिलावात आपली मर्यादा कमिशन, कर आणि वाहतूक धरून काढा, मग उलट मोजत हातोड्याच्या बोलीपर्यंत या आणि तो आकडा खिशात लिहून ठेवा. ऑनलाइन लिलाव असेल तर थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ आणि खालच्या बाजूचे फोटो मागा. नुकताच काळा अंडरकोट फासलेला दिसला तर त्याखाली काय आहे हे तो मारणाऱ्यालाच ठाऊक.

नफ्याचा हिशेब करत असाल तर कराचा नियम आधी बघा. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीवरच्या भांडवली नफ्याला कर नाही; अमेरिकेत संग्राह्य वस्तू म्हणून दीर्घकालीन नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. माझं मत विचाराल तर साठवण, विमा आणि दुरुस्ती वजा केल्यावर बहुतेक गाड्यांत नफा उरत नाही, चालवल्याचा आनंद उरतो. तो नको असेल तर पैसे दुसरीकडे गुंतवा.

ताब्यात आल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी तेलं, ब्रेकचं तेल, ब्रेकचे रबरी होज आणि पेट्रोलच्या नळ्या बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं आणि टाकीत पाणी ओढून घेतं; गळका होज गरम इंजिनावर टपकला की गाडी जळते. फ्लॅट टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग सपाट तळाचे असलेल्या, जुन्या इंजिनात जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेलच घाला. महिन्यातून एकदा तरी गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. जागेवर पाच मिनिटं रेस करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

विमा ठरलेल्या किमतीचा, म्हणजे अॅग्रीड व्हॅल्यूचा घ्या. साध्या विम्यात कंपनी घसारा लावून जुन्या मोटारीची किंमत हातावर ठेवते. ठरलेली किंमत दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ताज्या सौद्यांवरून बदलून घ्या, भाव उतरले असतील तरीही, म्हणजे हप्ताही उतरेल. आणि मागच्या मालकाच्या बिलांच्या फाईलमध्ये तुमचं पहिलं बिल मीटर वाचनासकट लावून टाका.